ग्राउटवर चढवायचा रंगलेप: खाडीकाठच्या घरात एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

नव्या फरशीच्या सांध्यांचा रंग जागोजागी वेगळा दिसत होता, तो एकसारखा व्हावा म्हणून मी २०२५ सालच्या जानेवारीत बाजारात तयार मिळणारा रंगलेप वापरला. हा लेप पाण्यावर आधारित असतो, लहान बाटलीत येतो आणि सांध्यांत भरून सुकलेल्या ग्राउटवर, म्हणजे टाइल्समधल्या फटी बुजवायच्या मिश्रणावर, बारीक ब्रशने चढवायचा असतो. दुकानदार त्याला ग्राउट कलरंट किंवा ग्राउट सीलर म्हणतात. मी घेतलेल्या बाटलीवर तो इपॉक्सीयुक्त, म्हणजे सुकून कडक होणारी कृत्रिम राळ असलेला, असल्याचे लिहिले होते. कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण या जातीचे लेप अनेक कंपन्या बनवतात आणि मला आलेले यशापयश त्या कंपनीपेक्षा आमच्या घरातल्या ओलीवर अधिक अवलंबून होते. संपूर्ण पावसाळा उलटून जाईपर्यंत याविषयी काही लिहायचे नाही, असे मी ठरवले होते. तो उलटला आहे, आणि निकाल खोलीगणिक इतका निराळा आहे की एका वाक्यात मत देणे अन्यायाचे होईल. माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर येथे हा लेप मला अतिशय चांगला वाटला, ओटीवर तो चालला पण कष्ट फार पडले, आणि पडवीत तो पूर्णपणे फसला.

आमचे घर गुहागर तालुक्यात खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर कौले आणि जमिनीला जुना सिमेंटचा कोबा, असे त्याचे स्वरूप होते. कोब्याला भेगा पडल्या होत्या आणि पावसाळ्यात त्या भेगांतून ओल वर येत असे. २०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, आणि मुंबईची सगळी मंडळी यायच्या आत घर नीट व्हावे, या घाईने आम्ही पडवीचे काम जूनच्या आरंभी आणि बाकीच्या घराचे जुलैत सुरू केले. कोकणात निम्म्या घरांची डागडुजी याच घाईत होते, आणि फरशीच्या कामाला वर्षातला सर्वांत वाईट महिनाही तोच असतो. कोबा फोडला, वाळू आणि सिमेंटचा माल पसरला आणि त्यावर फिकट बदामी रंगाच्या, दोन फूट बाय दोन फूट मापाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या. सांधा तीन मिलिमीटरचा ठेवला आणि त्यात गडद राखाडी रंगाचे सिमेंटचे ग्राउट भरले. बाहेर संततधार चालू होती, दारे-खिडक्या बंद होत्या आणि खालचा माल अद्याप ओला होता.

दोनच दिवसांत फरक दिसू लागला. एका ओळीत सांधा शाईसारखा काळसर, पुढच्या ओळीत शिशासारखा राखाडी, आणि त्याच्या काटकोनात जाणारा सांधा राखेसारखा पांढुरका. पडवीत तर एकाच सांध्यावर हात-दीड हाताच्या अंतराने रंग बदलत होता. टाइल्स उत्तम बसल्या होत्या, पातळी अचूक होती, पण नजर टाइलवर न जाता सांध्यांच्या या चट्ट्यापट्ट्यांवरच जात असे. मिस्त्रींना दाखवले तेव्हा ते म्हणाले, “काकू, खाली ओल आहे तोवर हे असं दिसणारच. सुकलं की रंग एक होईल.” त्यांचे म्हणणे निम्मे खरे ठरले, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तसे माजघरातले बरेच काळसर पट्टे फिके होऊन शेजारच्या रंगाला मिळाले. उरलेले मात्र डिसेंबर संपेपर्यंत तसेच राहिले.

लेपाविषयी सांगण्याआधी रंग असा वेगवेगळा का होतो, हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण हे न समजता बाटली आणणाऱ्याचे पैसे वाया जाण्याचा संभव मोठा आहे. सिमेंटच्या ग्राउटमध्ये सिमेंट, बारीक भरड, थोडे पॉलिमर आणि रंगद्रव्य असते. काळा, तांबडा, पिवळा, तपकिरी असे रंग बहुधा लोहाच्या ऑक्साइडपासून येतात. त्यात पाणी किती घातले यावर सुकल्यावरची छटा ठरते. पाणी जास्त झाले की मिश्रण सच्छिद्र होते, त्यातले बारीक कण पाण्याबरोबर वर येतात आणि सांधा फिका सुकतो. आमच्याकडे सुमारे चाळीस चौरस मीटर फरशी होती आणि तिला एक-एक किलोची सहा पाकिटे लागली. ही सहा पाकिटे सहा वेगवेगळ्या वेळी घमेल्यात ओतून, पाणी अंदाजाने घालून कालवली गेली. शिवाय घमेल्यातले मिश्रण घट्ट होऊ लागले की त्यात पुन्हा पाण्याचा हबका मारून ते सैल केले जात असे, आणि एकाच पाकिटातून भरलेल्या सांध्याची सुरुवात गडद नि शेवट फिका होण्याचे कारण मला यातच दिसते.

दुसरे कारण स्पंजाचे. रबरी थापीने ग्राउट भरून झाले की टाइलवरचा राप ओल्या स्पंजाने पुसतात. स्पंज पिळून जवळजवळ कोरडा केलेला नसेल, किंवा ग्राउट बसण्याआधीच पुसायची घाई केली, तर वरच्या थरातले रंगद्रव्य धुऊन निघते. आमच्याकडे माजघर एका गड्याने पुसले आणि स्वयंपाकघर दुसऱ्याने, आणि दोघांच्या हातातला फरक सांध्यांवर आजही ओळखता आला असता. तिसरे कारण सांध्याच्या खोलीचे. टाइल बसवताना खालचा माल सांध्यात वर येतो. तो लगेच खरवडून काढला नाही, तर कुठे ग्राउटचा थर आठ मिलिमीटर जाड राहतो आणि कुठे जेमतेम दोन. पातळ थरातले पाणी खालचा माल शोषून घेतो, जाड थर सावकाश सुकतो, आणि एकाच घमेल्यातल्या ग्राउटच्या दोन छटा होतात.

चौथे कारण आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. सिमेंट पाण्याशी संयोग पावते तेव्हा त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते. फरशीखालची ओल वर येताना ते विरघळवून सांध्याच्या तोंडाशी आणते, तेथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट बनते आणि सांध्यावर पांढरा खार फुटतो. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, म्हणजे ओलीला वर यायला टाइलमधून वाट नसते. खोलीभरच्या जमिनीतली वाफ मग त्या तीन मिलिमीटरच्या सांध्यांतूनच बाहेर पडते आणि क्षारही तेथेच साठतात. फिक्या ग्राउटवर हा खार लपून जातो, गडद राखाडीवर तो ठळक दिसतो. त्यात आमची विहीर खाडीलगत असल्यामुळे तिच्या पाण्याला उन्हाळ्याच्या शेवटी मचूळपणा येतो, आणि पडवीचा माल त्या पाण्यात जून महिन्याच्या आरंभीच कालवलेला होता, कारण पडवीचे काम सगळ्यांत आधी हाती घेतले होते. म्हणजे तेथे सिमेंटच्या क्षाराला खाडीच्या मिठाची जोड मिळाली.

कोणत्या खोलीत कोणते कारण लागू आहे, हे मी घरच्या घरी तीन साध्या परीक्षांनी पाहिले. पहिली परीक्षा पाण्याची. सांध्यावर तांब्याभर पाणी ओतून फिका आणि गडद असे दोन्ही भाग ओले करावेत. ओले असताना दोन्हींचा रंग सारखा दिसला, तर फिकेपणा वरवरच्या खाराचा किंवा सिमेंटच्या रापाचा आहे. ओले असतानाही फरक तसाच राहिला, तर रंगद्रव्यच कमी-जास्त झाले आहे. माजघर आणि स्वयंपाकघरात ओले केल्यावरही फरक राहिला. पडवीत तो पूर्णपणे नाहीसा झाला आणि पाणी सुकताच पांढरेपणा पूर्वीपेक्षाही अधिक उठून आला. दुसरी परीक्षा खिळ्याची. एखाद्या कोपऱ्यात सांधा खिळ्याच्या टोकाने केसभर खरवडला असता आतला रंग दिसतो. ग्राउट भुसभुशीत होऊन पूड पडत असेल, तर त्यावर कोणताही लेप टिकणार नाही आणि ते काढूनच टाकावे लागते. आमचे ग्राउट सुदैवाने कडक होते.

तिसरी परीक्षा प्लॅस्टिकची, आणि मी तिला सर्वांत जास्त मान देते. हातभर लांब-रुंद जाड पारदर्शक प्लॅस्टिक सांध्यांच्या चौकटीवर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करायचे आणि एक अहोरात्र तसेच राहू द्यायचे. दुसऱ्या दिवशी आतून दव जमलेले दिसले किंवा सांधा काळवंडलेला दिसला, तर जमीन अजून ओल सोडत आहे. डिसेंबरच्या अखेरीस माजघरात आणि स्वयंपाकघरात प्लॅस्टिक कोरडे निघाले. ओटीवर एका कोपऱ्यात किंचित दव होते. पडवीत, जेथे भिंतीचा पाया बाहेरच्या खळ्याला, म्हणजे अंगणाला, लागून आहे, तेथे थेंब ओघळत होते. हे पाहूनही मी पडवीत लेप चढवला, ही माझी चूक होती आणि तिची हकिकत पुढे येते.

खरेदीसाठी चिपळूणला गेले तेव्हा निरनिराळ्या लोकांकडून तीन निरनिराळे उपाय ऐकायला मिळाले. एकाने अ‍ॅसिड सुचवले. बाजारात सुटे मिळणारे अ‍ॅसिड हे बहुधा हायड्रोक्लोरिक असते. ते खाराबरोबर सिमेंटही खाते, आणि त्याच्या क्रियेतून उरणारे कॅल्शियम क्लोराइड नीट धुतले गेले नाही तर स्वतःच हवेतली ओल ओढत बसते. त्याहून मोठी भीती अशी की आमच्या स्वयंपाकघराचा ओटा आणि खिडक्यांच्या पट्ट्या कडप्प्याच्या आहेत. कडप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड असल्यामुळे अ‍ॅसिडचा एक शिंतोडाही त्यांची झिलई कायमची घालवतो. दुसऱ्याने तेच ग्राउट पातळ कालवून सांध्यांवरून फिरवायला सांगितले. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला साफ चुकीचा वाटतो, कारण सुकलेल्या ग्राउटवर कागदाइतका पातळ सिमेंटचा थर धरत नाही आणि काही आठवड्यांत त्याचे पोपडे सुटतात. तिसरा उपाय सगळे सांधे खोदून नव्याने भरण्याचा. तो पक्का आहे, पण तीन मिलिमीटरच्या सांध्यात यंत्राचे पाते फिरवताना टाइलच्या कडेचा टवका उडण्याचा धोका मोठा असतो, आणि ज्या हातांनी पहिल्यांदा घाई केली त्याच हातांत पाते देण्याचे माझ्या जिवावर आले. म्हणून रंगलेप.

रंगाच्या निवडीविषयी थोडे सांगते. लेप अपारदर्शक असल्यामुळे गडद सांध्यावर फिका रंगही चढवता येतो, पण फिका रंग वावरण्याच्या वाटेवर लवकर मळतो. मी आमच्याच सांध्यांपैकी जो सर्वांत गडद पट्टा होता, त्याच्या जवळची छटा घेतली. असे केल्याने उद्या कुठे लेप झिजला तरी खालचा रंग फारसा परका दिसणार नाही, असा माझा विचार होता आणि तो योग्य ठरला. कागदावर छापलेल्या रंगपत्रिकेवर विसंबू नये. तिच्यातली राखाडी छटा आमच्या बदामी टाइलशेजारी निळसर दिसली. एक बाटली आणून ती धान्याच्या कोठीमागच्या सांध्यावर लावून, दोन दिवस उजेडात आणि दिव्यात पाहून, मगच बाकीच्या आणल्या.

पूर्वतयारीला कामाचा दोनतृतीयांश वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. नव्या ग्राउटवर सिमेंटचा राप असतो, स्वयंपाकघरात त्यात सहा महिन्यांचे तेलकट थर मिसळलेले असतात, आणि लेप या दोहोंवर धरत नाही. तेलकटपणासाठी धुण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून नायलॉनच्या ब्रशने सांधे घासले. तारेचा ब्रश वापरू नये, कारण त्याच्या तारांचे तुकडे सांध्यात राहून आमच्या हवेत आठवड्याभरात गंजतात. जेथे पांढरा राप होता तेथेच फक्त सल्फॅमिक अ‍ॅसिडची पूड पाण्यात विरघळवून लावली. हे अ‍ॅसिड हायड्रोक्लोरिकच्या मानाने सौम्य असते आणि त्याचा धूर होत नाही, तरीही हातमोजे आणि चष्मा हवाच. लावण्याआधी सांधा साध्या पाण्याने भिजवून घ्यायचा, म्हणजे अ‍ॅसिड आत न मुरता वरच्या वर काम करते, आणि पाच मिनिटांत पुसून दोनदा स्वच्छ पाण्याने धुवायचे. या धुण्याला मी विहिरीचे पाणी वापरले नाही, नळाचे वापरले. त्यानंतर पाच दिवस पंखे चालू ठेवून फरशी वाळवली आणि प्लॅस्टिकची परीक्षा पुन्हा घेतली.

आता प्रत्यक्ष लेपाविषयी. बाटली हलवल्यावर आतला द्रव दाट सायीसारखा होतो. वास फारच सौम्य आहे, दारे उघडी ठेवली की घरात वावरायला अडचण येत नाही, आणि हा मी त्याचा मोठा गुण मानते, कारण घरात वृद्ध माणसे आहेत. मुलांच्या चित्रकलेचा चार नंबरचा गोल ब्रश सांध्यात नेमका बसला. बाटलीबरोबर मिळालेला ब्रश सांध्याच्या मानाने रुंद होता आणि तो मी बाजूला ठेवला. एका वेळी दीड मीटरपेक्षा लांब सांधा घेऊ नये. पहिला हात पातळ लावून सांध्याच्या खाचेत आडवा-उभा घासून मुरवायचा, दहा-बारा मिनिटांत टाइलवर आलेला रंग किंचित ओलसर सुती फडक्याने सांध्याच्या दिशेला काटकोनात पुसायचा, आणि दोन-तीन तासांनी दुसरा हात द्यायचा. फडके सांध्याच्या दिशेने ओढले तर ते खाचेत शिरते आणि ताजा रंग उचलून नेते. पहिल्या दिवशी मला हे समजले नव्हते आणि देवघरातले दोन सांधे पुन्हा करावे लागले.

पहिला हात सुकल्यावर पट्टे थोडेसे दिसतात, त्याने निराश होऊ नये. दुसऱ्या हातानंतर ते पूर्णपणे गेले. ज्या सांध्यावर तीन छटा होत्या, त्यावर दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात, जेव्हा प्रत्येक दोष उघडा पडतो, तेव्हाही मला एकही पट्टा शोधून सापडला नाही. रंग चकचकीत नाही, ग्राउटसारखाच मंद आहे, आणि पाहणाऱ्याला वरून काही लावले आहे असे वाटत नाही. माजघरात मी जमिनीवर बसून तो सांधा कितीतरी वेळ पाहत राहिले होते.

किती बाटल्या लागतील याचा अंदाज दुकानात चौरस फुटांवरून देतात, तो दिशाभूल करणारा आहे. लेप सांध्याच्या लांबीवर लागतो. दोन फुटी, म्हणजे साठ सेंटिमीटरच्या टाइल्स असतील तर एका चौरस मीटरमध्ये सुमारे ३.३ मीटर सांधा येतो, आणि एक फुटी टाइल्स असतील तर त्याच जागेत दुप्पट, म्हणजे सुमारे ६.७ मीटर. आमच्या चाळीस चौरस मीटरला साधारण १३३ मीटर सांधा भरला. दोन हातांचे हे सगळे काम मी आणि माझी भाची अशा दोघींनी रोज सकाळचे तीन तास बसून नऊ दिवसांत पुरे केले. साहित्याचा एकूण खर्च सांधे खोदून नव्याने भरण्यासाठी मिळालेल्या अंदाजाच्या चौथ्या हिश्शाहून कमी आला. गुडघ्यांखाली घ्यायला जाड गोधडी हवी, आणि पाठीचे दुखणे असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे.

ओटीवरचे कष्ट टाइलच्या जातीमुळे पडले. तेथे पाय घसरू नये म्हणून खरखरीत पृष्ठभागाच्या टाइल्स घेतल्या होत्या. त्यांच्या बारीक खड्ड्यांत रंग जाऊन बसतो आणि फडक्याने निघत नाही. शेवटी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही कडांना कागदी चिकटपट्टी लावून मगच रंग भरावा लागला, आणि पट्टी रंग पुरता सुकण्याआधी ओढून काढावी लागली. निकाल चांगला आला, पण माजघराच्या तिप्पट वेळ गेला. बाटलीवर खरखरीत टाइल्सविषयी एक अक्षरही नाही. गुळगुळीत टाइलवर मात्र वाळलेला ठिपकाही पांढऱ्या नायलॉनच्या घासणीने सहज निघाला.

२०२५ सालचा पाऊस मे महिन्याच्या अखेरीसच कोकणात दाखल झाला, त्यामुळे लेपाची परीक्षा लांबलचक झाली. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि चार महिने घरातले कपडेही कोरडे होत नाहीत. माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर येथे ऑक्टोबरपर्यंत लेपाला काहीही झाले नाही. रोज ओल्या फडक्याने पुसणे, गणपतीतली वर्दळ, सांडलेले तेल, हळद, कोकमाचे आगळ, हे सगळे त्याने सोसले. पूर्वी सिमेंटच्या ग्राउटमध्ये हळद मुरली की ती निघत नसे, आता ती पुसताच निघते, कारण लेपाने सच्छिद्रपणा बंद केला आहे. वर्दळीच्या उंबऱ्याशी एका ठिकाणी रंग किंचित झिजला होता, तेथे उरलेल्या बाटलीतून हात फिरवला आणि जोड दिसतही नाही.

पडवीत जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सांधे फुगले. आधी लेपाखाली टाचणीच्या टोकाएवढे फोड आले, मग ते फुटून त्यांतून पांढरी पूड बाहेर पडली, आणि ऑगस्टपर्यंत नखाने ओढले तर हातभर लांबीचा पोपडा सलग निघू लागला. यात लेपाचा दोष मी मानत नाही. खालून येणारी ओल सांध्याच्या तोंडाशी अडली, तिच्यातले क्षार लेपाच्या पोटाशी जमून स्फटिक झाले, आणि त्या स्फटिकांच्या रेट्याने लेप उचलला गेला. साध्या मिठाचा धर्म असा आहे की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते ओल शोषून पाघळते आणि खाली आली की पुन्हा स्फटिक होते. आमच्याकडे पावसाळ्यात आर्द्रता दिवसच्या दिवस त्याहून वर असते आणि उघडिपीला खाली येते. म्हणजे पडवीतले मीठ वर्षातून अनेकदा पाघळते आणि अनेकदा गोठते. पोपडा काढलेले सांधे पावसाळ्यात काळे दिसत होते आणि आता डिसेंबरात पांढरे दिसत आहेत, याचा उलगडा मला यातून झाला. असे सांधे रंगाने सारखे करता येत नाहीत. तेथे आधी बाहेरच्या खळ्याचा उतार फिरवून पावसाचे पाणी पायापासून दूर काढले पाहिजे, आणि क्षार थकेपर्यंत सांधे उघडे ठेवून दर उन्हाळ्यात कोरड्या ब्रशने झाडत राहिले पाहिजे.

न्हाणीघरात मी हा लेप वापरलाच नाही. रोज पाणी साचणाऱ्या जागी तीन घटकांचे इपॉक्सी ग्राउट हे माझ्या मते योग्य साहित्य आहे. त्यात सिमेंट नसल्यामुळे त्यातून खार फुटत नाही, आणि मिसळायचे घटक मोजून दिलेले असल्यामुळे छटा बदलायलाही फारसा वाव नसतो. ते महाग असते, ओले असतानाच टाइलवरून पुसून काढावे लागते, आणि उन्हात त्याच्या फिक्या छटा पिवळसर पडतात, म्हणून उघड्या पडवीला किंवा गच्चीला ते फिक्या रंगात घेऊ नये.

कंपन्यांकडे माझी एक तक्रार आहे आणि ती मी मनापासून करते. बाटलीवरच्या सूचनांत ‘पृष्ठभाग कोरडा असावा’ एवढेच तीन शब्द आहेत, तेही इंग्रजीत. कोरडे म्हणजे किती कोरडे, ते कसे ओळखावे, ग्राउट भरल्यावर किती दिवस थांबावे, खार असेल तर काय करावे, याचा उल्लेख नाही. हे साहित्य राजापूर, मालवण, श्रीवर्धन, अलिबाग अशा सगळ्या किनाऱ्यावर विकले जाते, जेथे जमिनी ओल्या आणि विहिरी खाडीलगत आहेत. प्लॅस्टिकच्या परीक्षेची दोन ओळींची माहिती मराठीत छापली असती, तर पडवीतला माझा खर्च आणि भाचीचे तीन दिवस वाचले असते.

पुढे ज्यांच्या घरी फरशी बसायची आहे त्यांनी ग्राउट भरण्याच्या दिवशी स्वतः समोर उभे राहावे. सगळी पाकिटे एकाच लॉटची आहेत का हे पाठीमागचा क्रमांक वाचून पाहावे, ती कोरडीच एका मोठ्या टबात ओतून एकत्र करावीत, आणि त्यातून दर वेळी तेवढेच माप काढून तेवढेच मोजलेले पाणी घालायला सांगावे. पाणी मोजायला घरातला मापाचा पेला मिस्त्रींच्या हाती दिला, तर ते नाराज होत नाहीत, असा माझा न्हाणीघराच्या वेळचा अनुभव आहे. घट्ट झालेले मिश्रण टाकून द्यायला लावावे, त्याची किंमत बाटलीभर रंगलेपापेक्षा कितीतरी कमी असते. आणि काम जुलैतच करणे भाग असेल, तर टाइल्स बसवून घ्याव्यात, सांधे तात्पुरते मोकळे ठेवून गणपती होऊ द्यावेत, आणि ग्राउट दिवाळीनंतर भरावे. मोकळ्या सांध्यांत कचरा जातो, तो भरण्याआधी झाडून काढता येतो.

पडवीतले उरलेले पोपडे मी गेल्या आठवड्यात पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढले. खळ्याचा उतार फिरवण्याचे काम जानेवारीत सुरू होईल. अर्धी बाटली शिल्लक आहे, तिचे झाकण घट्ट लावून ती मी माजघरातल्या कपाटात उलटी ठेवली आहे, म्हणजे तोंडाशी साय धरणार नाही.